उतरायला जागा

जुलै २०२१ मध्ये आमच्या चोपडा तालुक्यात, वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या रानात, वैमानिक प्रशिक्षणाचं एक छोटं विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले. शिकाऊ वैमानिक मुलगी गंभीर जखमी झाली. विमान पडलं तिथपर्यंत गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आवाज ऐकून रानातली, शेतातली माणसं धावली. एका आदिवासी बाईंनी स्वतःची साडी सोडून दिली, तिची झोळी बांधली गेली आणि त्या झोळीतून ती मुलगी चिखलातून, डोंगरवाटेनं खाली आणली गेली. ती वाचली.

त्या माणसांबद्दल वाटणारा आदर शब्दांत मांडणं मला कठीण जातं. पण ती बातमी वाचली तेव्हापासून एक विचारही मनातून जात नाही. माणसं आकाशातून पडली आणि त्यांना शोधायला, उचलायला आकाशातून कोणीच आलं नाही. आलं ते पायी.

झोळी मला नवी नाही. आरोग्य खात्यात नर्स म्हणून माझी उमेदीची वर्षं धडगावकडच्या डोंगरात गेली. पावसाळ्यात नाले भरले की जीप अलीकडेच थांबायची, आणि पलीकडच्या पाड्यावरून पेशंट यायचा तो बांबूला बांधलेल्या गोधडीतून. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन माणसं खांद्यावर बांबू घेतात, आणखी चारसहा जण मागेपुढे चालतात. खांदा बदलायचा तो न थांबता. मागचा पुढे येतो, बांबूखाली खांदा घालतो, आधीचा बाजूला होतो. सगळ्यात पुढे चालणारा ओरडून सांगत जातो, इथे दगड आहे, इथे घसरण आहे. झोळीत माणूस सरळ झोपू शकत नाही. पाठ वाकते, छाती दबते, गुडघे पोटाशी येतात. कण्याला मार लागलेल्या माणसाला असं नेणं म्हणजे त्याला कायमचा अधू करण्याचा धोका. बाळंतपणानंतर रक्त जात असलेल्या बाईचा रक्तदाब चालता चालता मोजता येत नाही. सलाईनची बाटली कोणीतरी हात वर करून धरतं, आणि चढावर तो हात खाली यायला लागतो.

एकदा रात्री अशाच एका बाईचा हात झोळीबाहेर लोंबत होता. मी तो मनगटाशी धरून, नाडीवर बोटं ठेवून चालत होते. कंदील पुढे होता, मला पायाखालचं दिसत नव्हतं. नाडी लागत होती तोवर मी चालू शकत होते, एवढंच आठवतं. बाळ गेलं, बाई राहिली. त्यानंतर कधीही हेलिकॉप्टरचा आवाज आला की मी मनातल्या मनात अंतर मोजते. धडगाव ते नंदुरबार, चांदसैलीच्या घाटातून, दरडी न पडता सगळं सुरळीत असलं तरी दोन तास. सरळ रेषेत पन्नास किलोमीटर. ताशी सव्वादोनशे किलोमीटरनं उडणाऱ्या हेलिकॉप्टरला पंधरा मिनिटांच्या आतलं काम.

खान्देशात हेलिकॉप्टर येत नाही असं नाही. निवडणुकीत सगळ्यात जास्त येतं. त्या वेळी तालुक्याच्या गावाबाहेर मोकळं मैदान निवडतात, दगड वेचतात, टँकरनं पाणी मारून धूळ बसवतात, फक्कीनं मोठा गोल काढून आत एच लिहितात. अग्निशमनाची गाडी येते, अॅम्ब्युलन्स येते, पोलीस गर्दीला दोरीमागे ठेवतात. वारा कळावा म्हणून काठीला कापड बांधतात. मी अशा अॅम्ब्युलन्सवर ड्यूटी केली आहे आणि ती तयारी अगदी जवळून पाहिली आहे. बांधकाम खातं, महसूल, पोलीस, आरोग्य असे सगळे एका दिवसात एकत्र येतात आणि काम चोख होतं. म्हणून मला ठाम माहीत आहे की आपल्याला हे जमतं. ही तयारी पेशंटसाठीही करता येते. फक्त ती आधीच झालेली असायला हवी, कारण अपघाताची तारीख आठवडाभर आधी कळत नाही.

ऑगस्ट २०२४ ची मालेगावची गोष्ट खान्देशातल्या अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. गिरणेत मासे धरायला गेलेले पंधरा जण पाणी अचानक वाढल्यानं मधल्या खडकावर अडकले. रात्र त्यांनी तिथेच काढली. धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, पण प्रवाह इतका होता की बोट घालता येईना. दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं त्यांना उचललं. सगळे सुखरूप. हवाई दलाचे उपकार आहेतच. पण ती मधली रात्र माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. पंधरा घरी जागरण झालं असेल. पाणी आणखी हातभर वाढलं असतं तर?

हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवण्याची एक रीत आहे, आणि ती असायलाच हवी. गावातून फोन जातो पोलीस पाटलाला, तलाठ्याला. तिथून तहसीलदार, मग जिल्हाधिकारी, मग मुंबईचा नियंत्रण कक्ष, आणि तिथून लष्कराकडे विनंती. सैन्याचं पहिलं काम दुसरं आहे. त्यांची यंत्रं सीमेच्या हिशोबानं उभी असतात, त्यांना बोलावणं हा शेवटचा उपाय असतो. शेवटचा उपाय येईपर्यंत आधीचे सगळे करून पाहावे लागतात आणि त्यात उजेड मावळतो. तळोद्याकडचे एक ओळखीचे बाबा मला म्हणाले होते, "ताई, नदीले पूर उना म्हंजे आम्हनाकडे कोन्ही येत नही." त्यांच्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. मला तेच जास्त लागलं.

समुद्रात बोट बुडाली तर शोध आणि बचाव कोणी करायचा हे आपल्याकडे ठरलेलं आहे, ते तटरक्षक दलाकडे आहे. विमान बेपत्ता झालं तर विमानतळ प्राधिकरणाची बचाव समन्वय केंद्रं आहेत. डोंगरात, नदीत, घाटात अडकलेल्या साध्या माणसासाठी कायम तयार उभं असलेलं नागरी हेलिकॉप्टर मात्र जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एकही नाही. खान्देशाला समुद्र नाही, म्हणून तटरक्षकही नाहीत. पण हतनूरचं धरण आहे, त्याला ४१ दरवाजे आहेत. तापी, गिरणा, पांझरा, अनेर आहेत. तितूर आणि डोंगरी या नद्यांनी ऑगस्ट २०२१ च्या शेवटी चाळीसगावात काय केलं ते तिथली माणसं विसरलेली नाहीत. त्याच रात्री कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ताही बंद झाला होता. सरदार सरोवरानं नंदुरबारची ३३ गावं बाधित केली, आणि तिथल्या काठावरच्या पाड्यांना आजही दवाखाना बोटीतून येतो. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते, हजारो तरुण पोरं रात्रीची डोंगर चढतात. २०२५ च्या दिवाळीत त्या यात्रेहून परतणारी गाडी चांदसैली घाटात कोसळली आणि काही घरांतले दिवे विझले.

हेलिकॉप्टरनं माणूस वाचवणं ही कल्पना काही नवी नाही. २९ नोव्हेंबर १९४५ ला अमेरिकेत कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर वादळात एक बार्ज, म्हणजे तेल वाहणारी सपाट बोट, खडकावर अडकली होती. जवळच सिकोर्स्कीचा हेलिकॉप्टरचा कारखाना होता. पोलिसांनी कारखान्यात कळवलं, तिथून हेलिकॉप्टर आलं आणि बार्जवरची दोन माणसं विंचच्या, म्हणजे दोर खाली सोडून वर ओढणाऱ्या यंत्राच्या, दोरानं उचलली गेली. नागरी माणसांची अशी सुटका जगात पहिल्यांदा झाली ती तेव्हा. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की फोन थेट गेला आणि हेलिकॉप्टर थेट आलं.

ब्रिटनमध्ये हे काम अनेक दशकं हवाई दल आणि नौदल करत होतं. २०१५ मध्ये ते तटरक्षक यंत्रणेच्या देखरेखीखाली एका नागरी कंपनीकडे गेलं. सी किंग नावाच्या जुन्या पिवळ्या हेलिकॉप्टरांच्या जागी लाल-पांढरी नवी हेलिकॉप्टरं आली. नॉर्वेनं १९७० च्या दशकातली सी किंग बदलून १६ मोठी नवी हेलिकॉप्टरं घेतली, त्यांना सार क्वीन म्हणतात. २०२० च्या सप्टेंबरपासून ती कामाला लागली. स्वित्झर्लंडची रेगा तर मला फारच जवळची वाटते. १९५२ मध्ये सुरू झालेली ही संस्था सरकारी नाही आणि नफ्यासाठीही चालत नाही. पस्तीस लाखांहून जास्त लोक तिला दरवर्षी थोडी थोडी वर्गणी देतात आणि त्यावर ती उभी आहे. आता तिनं आपला सगळा ताफा एकाच प्रकारच्या पाच पात्यांच्या हेलिकॉप्टरांचा करायचं ठरवलं, तशी २१ मागवली. पाचव्या पात्याच्या नव्या रचनेमुळे १५० किलो जास्त वजन उचलता येतं. दीडशे किलो म्हणजे एक डॉक्टर आणि एक पेशंट. दूध संघ आणि सूतगिरण्या वर्गणीवर उभ्या करणाऱ्या आपल्या भागाला ही पद्धत समजायला अवघड जाऊ नये.

पण नवं यंत्र आणलं की त्याच्याबरोबर नवे प्रश्नही येतात, आणि ते आधी माहीत असलेले बरे. मोठ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांखालचा वारा भयंकर असतो. मार्च २०२२ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या एका रुग्णालयाच्या हेलिपॅडवर बचावाचं हेलिकॉप्टर उतरत होतं. शेजारच्या वाहनतळातून चालणाऱ्या ८७ वर्षांच्या बाई त्या वाऱ्यानं पडल्या आणि गेल्या. नॉर्वेतही नवं हेलिकॉप्टर जड निघालं, म्हणून कित्येक रुग्णालयांना हेलिपॅडचा पुन्हा विचार करावा लागला. आमच्याकडे पाड्यावरच्या घरांना पत्रे असतात, त्यांवर दगड ठेवलेले असतात. रावेर-यावलच्या पट्ट्यात गावाला लागून केळीच्या बागा आहेत. मोठं हेलिकॉप्टर चुकीच्या ठिकाणी खाली आलं तर पत्रे उडतील, आणि उडालेला पत्रा माणूसही कापतो, पातंही मोडतो. घड लागलेली केळीची झाडं आडवी होतील ती वेगळीच.

दुसरा प्रश्न आमच्या उन्हाचा. हवा तापली की विरळ होते आणि पात्यांना धरायला कमी हवा मिळते. भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम २१० मीटरवर आहे. पण मे महिन्यात ४५ अंशाला तिथल्या हवेत हेलिकॉप्टरला उडायचं झालं, तर उड्डाणात प्रमाण धरलेल्या थंड हवेच्या हिशोबानं ती जवळजवळ १,३५० मीटर उंचीवरची हवा ठरते. म्हणजे भुसावळच्या स्टेशनजवळ उभं राहून ते यंत्र महाबळेश्वरच्या उंचीवर असल्यागत दमतं. तोरणमाळचं पठार मुळातच साडेअकराशे मीटरच्या आसपास. उन्हाळ्याच्या दुपारी तिथला तोच आकडा दोन हजारांच्या वर जातो. अधांतरी एका जागी स्थिर राहायला हेलिकॉप्टरला सगळ्यात जास्त ताकद लागते, आणि विंचनं माणूस उचलताना नेमकं तेच करायचं असतं. त्यात एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर तोल राहायला हवा. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकातलं वजन आमच्या कामाचं नाही. मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, तोरणमाळवर, इंधनासकट किती उचलणार, हा प्रश्न खरेदीच्या वेळी लेखी विचारला गेला पाहिजे. वैमानिक अशा वेळी इंधन कमी घेऊन वजन सांभाळतात. मग वाटेत इंधन कुठे भरायचं हेही आधीच ठरायला हवं. शिरपूरला धावपट्टी आहे, धुळ्याला आहे, जळगावला विमानतळ आहे. टाक्या तिथे असाव्यात.

एकच हेलिकॉप्टर आणून फीत कापली की काम झालं असं मानणं मला फार धोक्याचं वाटतं. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हे देशी बनावटीचं हेलिकॉप्टर कोसळलं, तिघे गेले, आणि तपासासाठी देशभरातली ध्रुव कित्येक महिने जमिनीवर राहिली. ते योग्यच होतं. पण ज्याच्याकडे एकच यंत्र आहे त्याची सेवा अशा वेळी पूर्ण थांबते. नागरी वापरासाठी बनवलेलं ध्रुव एनजी ३० डिसेंबर २०२५ ला बंगळुरूत पहिल्यांदा उडालं, ही आनंदाची बातमी आहे. आपल्या देशात बनलेलं, दोन इंजिनांचं, साडेपाच टनांच्या वर्गातलं. ते कधीतरी सातपुड्यावर उडताना पाहायला मला आवडेल. पण त्याच्या जोडीला दुसरं हवंच, आणि सुटे भाग जवळ हवेत.

माणसांबद्दल बोलल्याशिवाय यंत्राचं बोलणं अपुरंच राहील. विंचच्या कामात वैमानिकाला आपल्या पोटाखालचं दिसत नाही. दारात पालथा पडलेला किंवा गुडघ्यावर बसलेला विंच चालवणारा त्याचे डोळे होतो. पुढे दोन, उजवीकडे एक, थांब, असं तो बोलत राहतो आणि वैमानिक त्या आवाजावर कित्येक टनांचं यंत्र हातभर सरकवतो. तिसरा माणूस दोराला लटकून खाली जातो. दोर पोलादी, लांबी साधारण नव्वद मीटर. आणि एक गोष्ट गावातल्या प्रत्येकाला शिकवायला हवी. फिरणाऱ्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरवर वीज साठते. वरून येणारा हुक जमिनीला किंवा पाण्याला टेकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, नाहीतर जोराचा झटका बसतो. पुरात अडकलेला माणूस हुक दिसला की झेपच घेणार. तेव्हा हे आधीच माहीत असलेलं बरं.

हे लोक स्वतः जीव धोक्यात घालून येतात. २ सप्टेंबर २०२४ ला पोरबंदरजवळच एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला निघालेलं तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. चौघांपैकी तिघे गेले. कोणाला तरी वाचवायला निघालेली ही माणसं होती. म्हणून मला असं वाटतं की त्यांना बोलावणाऱ्यांनी आपल्याकडून जमेल तेवढा धोका कमी करून ठेवायचा, ही आपली जबाबदारी आहे.

ऋषिकेशच्या एम्समध्ये २९ ऑक्टोबर २०२४ ला संजीवनी नावाची हेलिकॉप्टर अॅम्ब्युलन्स सुरू झाली. १७ मे २०२५ ला केदारनाथला पेशंट घ्यायला जाताना उतरण्याच्या वेळी तिचं शेपूट मोडलं. आतले वैमानिक, डॉक्टर आणि नर्स तिघेही वाचले. ती बातमी ऐकली तेव्हा मला त्या नर्सचाच विचार आधी आला. उडणं जमतं, पण धोका जमिनीशी असतो. उतरायला जागा धड नसेल तर चांगलं यंत्र आणि कसलेली माणसं दोन्ही अडचणीत येतात.

आमच्या सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर मध्य प्रदेश आहे. बडवानी, खरगोन, बऱ्हाणपूर. तिथे २०२४ पासून सरकारची हवाई अॅम्ब्युलन्स सेवा आहे, त्यात हेलिकॉप्टरही आहे, आणि आयुष्मान कार्ड असलेल्या गरिबाला ती मोफत आहे. डोंगर तोच, भिल्ल आणि पावरा माणसंही तीच, नातीगोतीही दोन्हीकडे. एका अंगाला सोय झाली, तर दुसऱ्या अंगालाही व्हावी असं मागणं काही जगावेगळं नाही. धुळ्यात आपत्ती दलाचे जवान आधीपासून आहेत, तीन जिल्ह्यांत तीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तळ धुळ्यात ठेवला तर तिथून धडगाव अर्ध्या तासावर येतं. खर्च आहे, उड्डाणाच्या तासाला लाखात आहे. पण मी आयुष्यभर वेळेवर न पोचलेल्या पेशंटचे कागद भरले आहेत आणि त्या कागदांवर खर्चाचा रकाना नसतो, एवढं मला सांगायचं आहे.

हेलिकॉप्टर यायला किती वर्षं लागतील ते सरकारच्या हातात आहे. जागा शोधणं मात्र आत्ताही करता येईल. प्रत्येक पाड्याजवळ तीस मीटर लांब-रुंद, सपाट, घट्ट जमीन कुठे आहे? तिच्यावरून विजेची तार जाते का? जवळ पत्र्याचं घर, गुरांचा गोठा, सैल कडबा आहे का? पावसात तिथे पाणी साचतं का? तिथून शाळा किती लांब? अक्षांश-रेखांश फोनमध्ये घ्यायचे, आशाताईकडे, पोलीस पाटलाकडे आणि तहसीलमध्ये एकेक कागद ठेवायचा. जिथे रेंज नाही तिथे कुठल्या टेकाडावर चढलं की फोन लागतो, तेही त्याच कागदावर. हे आपली माणसं करू शकतात. गावचा एकेक दगड त्यांना पाठ आहे. अगदी कधीकधी येणाऱ्या हवाई दलाच्या वैमानिकालाही तो कागद उपयोगी पडेल.

मी चोपड्यात ओळखीच्या दोनतीन सरपंचांशी बोलले. एकजण म्हणाले, आमच्याकडे सपाट म्हणावी अशी जागा एकच, शाळेचं मैदान, आणि त्याच्या मधोमध विजेचा खांब आहे. मी म्हटलं, मग खांब हलवायचा अर्ज आधी करा. दिवाळीनंतर कपाशी निघते, रानं मोकळी होतात, हवाही थंड असते. तेव्हा ग्रामसभेत विषय घ्यायचा आणि टेप घेऊन जागा मोजायला जायचं असं ठरलं आहे. माझ्या जुन्या भागातल्या आशाताईंनाही मी कळवलं आहे. ज्यांच्या गावात अशी जागा आहे त्यांनी होळीच्या आत ती मोजून तहसीलमध्ये नोंदवावी. पावसाळा लागला की मोजायला कोणी रिकामं नसतं.